किल्ली कपाटात, कपाट कुलूपबंद

शाळेतल्या संगणकाचे बटण दाबले की पडद्यावर काही अक्षरे झरझर सरकतात, क्षणभर अंधार होतो आणि अर्ध्या-एक मिनिटात संगणक कामाला तयार होतो. या अर्ध्या मिनिटात आत नेमके काय घडते, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी कधी ना कधी विचारतोच. 'तो चालू होतो आहे' एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. कारण या अर्ध्या मिनिटात एक खरोखरच अवघड कोडे सुटत असते.

कोडे असे. संगणकाला काहीही करायचे असेल तर त्याच्या स्मृतीत आज्ञावली असावी लागते. वीज गेली की ही स्मृती पुसली जाते. आज्ञावली कायमची साठवलेली असते डिस्कवर. पण डिस्कवरून काही वाचून स्मृतीत आणणे हेही एक कामच आहे, आणि त्यासाठीही आज्ञावली लागते. ती कुठे आहे? डिस्कवरच! म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून वर कुलूप लावल्यासारखी गत झाली.

साध्या, एका डिस्कच्या संगणकात हे कोडे फारसे त्रास देत नाही. पण जिथे माहिती हरवून चालणार नाही, अशा ठिकाणी एकाऐवजी अनेक डिस्क वापरतात आणि माहिती त्यांच्यावर विशिष्ट युक्तीने पसरून ठेवतात. मग कपाट एक राहत नाही, चार होतात. कोणत्या वस्तूचा कोणता तुकडा कुठे आहे हे सांगणारी वहीसुद्धा त्याच कपाटांत असते. अशा वेळी संगणक जागा कसा होतो, आणि ही रचना नेमकी कुठे दगा देऊ शकते, हे या लेखात पाहू.

बुटाची नाडी

संगणक सुरू होण्याच्या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात. हा शब्द आला 'बूटस्ट्रॅप' या शब्दावरून. उंच बुटाच्या मागे तो ओढून चढवण्यासाठी एक पट्टी असते. त्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचे, या अशक्य कृतीवरून हा वाक्प्रचार पडला. आपण खुर्चीवर बसून तीच खुर्ची दोन्ही हातांनी वर उचलू पाहिली, तर काय होईल? भौतिकशास्त्राच्या तासाला हा प्रयोग अनेकांनी केला असेल. संगणकाला मात्र असेच काहीतरी दररोज करावे लागते.

पूर्वी यात माणूस मदत करत असे. १९६५ साली बाजारात आलेल्या 'पीडीपी-८' या संगणकाच्या दर्शनी भागावर बटणांची एक ओळ होती. एक बटण म्हणजे एक अंक, वर किंवा खाली, म्हणजे १ किंवा ०. अशी बारा बटणे लावली की एक सूचना तयार होई. जेमतेम सोळा-सतरा सूचनांची एक चिमुकली आज्ञावली चालक हाताने भरत असे. तिला एकच काम येई: कागदी पट्टीवरची छिद्रे वाचून पुढची, जरा मोठी आज्ञावली स्मृतीत आणणे. ती मोठी आज्ञावली मग बाकीचे सगळे आणत असे.

किल्लीच्या कोड्याचे उत्तर याच पद्धतीत दडलेले आहे. एकदम सगळे आणायचे नाही. अगदी थोडे जाणणाऱ्याने आपल्यापेक्षा किंचित जास्त जाणणाऱ्याला उठवायचे, त्याने त्याहून शहाण्याला. पायरीपायरीने चढायचे. फक्त पहिली पायरी कोणीतरी बाहेरून द्यावी लागते. आजच्या संगणकात ती मुख्य फळीवरच्या एका चिपमध्ये कायमची लिहिलेली असते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. या आज्ञावलीला आपण 'चिपमधली आज्ञावली' म्हणू; जुन्या संगणकांत तिचे नाव 'बायोस', नव्यांत 'यूईएफआय'.

एकाच्या जागी अनेक

आता डिस्ककडे वळू. डिस्क हे यंत्र आहे आणि प्रत्येक यंत्र केव्हातरी बंद पडते. कोणत्या दिवशी बंद पडेल हे सांगता येत नाही, इतकेच. समजा, एका शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर दहा वर्षांचे निकाल, दाखल्यांची नोंद आणि पगारपत्रके आहेत. डिस्क बंद पडली तर?

१९८७-८८ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक वेगळाच विचार मांडला. त्या काळी मोठ्या संगणकांसाठी फार महागड्या, मोठ्या डिस्क वापरत. त्याऐवजी अनेक स्वस्त, लहान डिस्क एकत्र जोडाव्यात, असे त्यांनी सुचवले. अडचण उघड होती: डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून माहिती साठवताना थोडी जादा माहितीही साठवायची, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी काही हरवणार नाही. या रचनेला त्यांनी इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रेड' हे नाव दिले. त्यातला 'आय' म्हणजे मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह', स्वस्त. पुढे त्याचा अर्थ 'इंडिपेंडंट', स्वतंत्र, असाही घेतला जाऊ लागला.

रेडचे अनेक प्रकार आहेत. आपल्याला दोन पुरेत.

पहिला, 'रेड-१', म्हणजे आरसा. जे एका डिस्कवर लिहायचे तेच दुसरीवरही लिहायचे. दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा मिळते दोन टेराबाइटचीच, पण एक गेली तरी दुसरीवर सगळे शाबूत असते.

दुसरा, 'रेड-५'. यात जागा कमी वाया जाते. चार डिस्क घेतल्या तर तीन डिस्कांएवढी जागा वापरायला मिळते आणि चारांपैकी कोणतीही एक गेली तरी माहिती परत मिळवता येते. हे कसे शक्य आहे? पाटीवर करून पाहण्यासारखे आहे.

करून पहा

तीन विद्यार्थ्यांना प्रत्येकी चार अंक लिहायला सांगा, फक्त ० आणि १ वापरून. समजा त्यांनी लिहिले:

पहिला: १ ० १ १
दुसरा: ० १ १ ०
तिसरा: १ १ ० ०

आता चौथ्या विद्यार्थ्याने प्रत्येक उभ्या रांगेतले १ मोजायचे. संख्या सम असेल तर ० लिहायचा, विषम असेल तर १. पहिल्या रांगेत १ दोनदा आला, म्हणून ०. दुसरीत दोनदा, म्हणून ०. तिसरीत दोनदा, ०. चौथीत एकदाच, म्हणून १. चौथ्याची ओळ झाली ० ० ० १.

आता दुसऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाठवा, त्याची पाटीही घेऊन. उरलेल्या तिघांच्या ओळींना पुन्हा तोच नियम लावा: १०११, ११०० आणि ०००१. उत्तर येते ० १ १ ०. बाहेर गेलेल्याची ओळ जशीच्या तशी परत आली! पहिला किंवा तिसरा बाहेर गेला तरी हेच होते. दोघे एकदम बाहेर गेले तर मात्र उपाय नाही.

रेड-५ मध्ये हेच चालते. फरक इतकाच, की सम-विषमाची ओळ कायम एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर वाटतात.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आरशाच्या रचनेत कोणतीही एक डिस्क उघडून वाचली तर पूर्ण, अर्थपूर्ण मजकूर मिळतो. रेड-५ मध्ये एकट्या डिस्कवर मिळतात ते तुकडे. ते जोडायचे कसे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्यातून काहीच कळणार नाही.

कपाटे आणि वही

याहून वेगळी आणखी एक सोय असते, 'लॉजिकल व्हॉल्यूम'. आपण तिला 'मानीव खंड' म्हणू.

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. विज्ञानाला एक कपाट, इतिहासाला एक, कथा-कादंबऱ्यांना एक, अशी वाटणी केली की काही वर्षांनी कथांचे कपाट ओसंडून वाहते आणि इतिहासाचे अर्धे रिकामे राहते. याऐवजी सगळी कपाटे एकच मानली, त्यांतल्या प्रत्येक कप्प्याला क्रमांक दिला, आणि 'विज्ञान म्हणजे पहिल्या कपाटाचे कप्पे १ ते ४ आणि तिसऱ्याचे ७ व ८' अशी वही ठेवली, तर? विज्ञानाची पुस्तके वाढली की वहीत आणखी एक कप्पा लिहायचा. पुस्तके हलवावी लागत नाहीत. नवे कपाट आले की त्याचे कप्पे वहीत जोडायचे.

डिस्कच्या बाबतीत हेच करतात. लिनक्स या कार्यप्रणालीत एक कप्पा सहसा ४ मेगाबाइटचा असतो. १०० गिगाबाइटचा मानीव खंड म्हणजे असे २५,६०० कप्पे, आणि ते वेगवेगळ्या डिस्कांवर विखुरलेले असू शकतात. आयबीएम आणि ह्युलेट-पॅकार्ड यांच्या युनिक्स प्रणालींत ही सोय आधीपासून होती; १९९८ मध्ये हाइन्झ माउएल्सहागेन यांनी ती लिनक्ससाठी लिहिली. लिनक्स ही कार्यप्रणाली कोणालाही फुकट वापरता येते आणि तिची आज्ञावली वाचताही येते. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच उभी आहे. म्हणून पुढचे उदाहरण आपण लिनक्सचेच घेतले आहे.

सर्वसाधारण रिवाज असा: खाली डिस्क, त्यांच्यावर रेड, रेडच्या वर मानीव खंड, आणि त्या खंडात कार्यप्रणाली व आपल्या फायली. आता कोडे पुरते अवघड झाले. कार्यप्रणाली वाचायची तर आधी वही वाचली पाहिजे. वही वाचायची तर आधी रेड जुळवली पाहिजे. आणि हे दोन्ही करणाऱ्या आज्ञावली कार्यप्रणालीतच आहेत.

पायऱ्या मोजू या

आधी बायोसवर चालणारा संगणक घेऊ, कारण त्यात पायऱ्या स्पष्ट दिसतात.

पहिली पायरी. बटण दाबल्यावर प्रोसेसर एका ठरावीक पत्त्यावर जाऊन तिथली सूचना पाळतो. तो पत्ता चिपमधल्या आज्ञावलीचा. ती यंत्राचे अवयव जागेवर आहेत ना हे तपासते आणि मग डिस्ककडे वळते. तिला रेड ठाऊक नाही, वही ठाऊक नाही, फाइल म्हणजे काय हेही ठाऊक नाही. तिला एवढेच येते: डिस्कचा सर्वांत पहिला तुकडा उचलायचा आणि स्मृतीत ठेवायचा. हा तुकडा, म्हणजे सेक्टर, फक्त ५१२ बाइटचा असतो.

दुसरी पायरी. या ५१२ बाइटांपैकी शेवटचे दोन ही खूण असते. ती बरोबर असेल तरच पुढे जायचे. त्याआधीचे ६४ बाइट डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत हे सांगतात. उरले ४४६. या परिच्छेदाला जितके बाइट लागतील, त्याहूनही हे कमी आहेत! एवढ्याशा जागेत मावणारी आज्ञावली एकच काम करू शकते: पुढचे काही सेक्टर उचलून आणणे.

तिसरी पायरी. ते पुढचे सेक्टर म्हणजे 'बूट लोडर'चा मुख्य भाग. लिनक्समध्ये बहुधा 'ग्रब' नावाचा बूट लोडर असतो. पहिला सेक्टर आणि डिस्कचा पहिला भाग यांच्यामध्ये एक रिकामी पट्टी सोडलेली असते, तिथे तो बसतो. जुन्या डिस्कांवर ही पट्टी ६२ सेक्टरांची, म्हणजे ३१,७४४ बाइटची असे. रेड आणि मानीव खंड दोन्ही वाचण्याची विद्या ग्रबमध्ये भरली, तर कधीकधी तो या पट्टीत मावत नसे. नव्या डिस्कांवर ही पट्टी सुमारे एक मेगाबाइटची ठेवतात, त्यामुळे आता ती अडचण उरलेली नाही.

ग्रबला आज रेड आणि वही वाचता येतात; मात्र फक्त वाचता येतात. तो रेडवर काही लिहीत नाही. लिहिणे म्हणजे सगळ्या प्रती एकसारख्या ठेवण्याची जबाबदारी घेणे, आणि ती त्याच्या आवाक्याबाहेरची आहे.

याआधीच्या काळातल्या बूट लोडरना एवढेही येत नसे. तेव्हा लोक सुरुवातीच्या फायलींसाठी एक छोटा वेगळा भाग काढून ठेवत आणि त्याची रेड-१ करत. असे का, हे वरच्या प्रयोगावरून लक्षात येईल. आरशाची एक बाजू उघडली तरी मजकूर पूर्ण असतो. रेडची स्वतःची नोंद त्या भागाच्या शेवटी लिहिली, तर सुरुवातीपासून वाचणाऱ्याला ती साधी डिस्कच वाटते. बिचाऱ्या बूट लोडरला आपण आरशात पाहतो आहोत हे कळतही नाही, आणि कळण्याची गरजही पडत नाही. हा रिवाज आजही बराच टिकून आहे.

चौथी पायरी. ग्रब दोन फायली स्मृतीत आणतो. एक कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे 'कर्नेल'. दुसरी एक घडी करून ठेवलेली शिदोरी. तिचे तांत्रिक नाव 'इनिटरॅमएफएस'. गाभा जागा होतो आणि आधी ही शिदोरी स्मृतीतच उलगडतो. तिच्यात डिस्कशी बोलण्याची, रेड जुळवण्याची आणि वही वाचण्याची लहान-लहान हत्यारे असतात. म्हणजे कपाट उघडण्याआधीच त्याची हत्यारे खिशात आली!

पाचवी पायरी. रेड जुळवणारी आज्ञावली प्रत्येक डिस्कवरची नोंद वाचते. 'सदर डिस्क अमुक गटाची सदस्य' असे त्या नोंदीत असते. गटाला एक लांबलचक ओळख-क्रमांक दिलेला असतो. कारण 'पहिली डिस्क', 'दुसरी डिस्क' ही नावे भरवशाची नसतात. तारा अदलाबदल झाल्या की नावेही बदलतात. नोंदीत आणखी एक आकडा असतो, गटाच्या स्थितीत बदल होईल तसा वाढत जाणारा. समजा, एक डिस्क मधेच निखळली आणि काही दिवसांनी परत जोडली. दरम्यान दुसरीचा आकडा पुढे गेलेला असतो. ज्या डिस्कचा आकडा मागे, तिच्यावरचा मजकूर शिळा. तिला लगेच गटात न घेता आधी नवी प्रत करून द्यायची. हजेरीपटावरून कोण किती दिवस गैरहजर होता हे कळावे, तसेच हे आहे.

सहावी पायरी. रेड जुळल्यावरच वही उघडायची. हा क्रम पाळावा लागतो. आरशाच्या दोन डिस्कांवर एकच वही दोनदा दिसते. रेड जुळण्याआधीच कोणी एक प्रत खरी मानून तिच्यावर लिहू लागले, तर दोन प्रती वेगळ्या होतील आणि आरसा आरसा राहणार नाही. म्हणून वही शोधणारी आज्ञावली आधी 'ही डिस्क रेडची सदस्य तर नाही ना' हे तपासते.

सातवी पायरी. मानीव खंड उघडतो, कार्यप्रणालीचे खरे घर सापडते, स्मृतीतला तात्पुरता मुक्काम हलवला जातो आणि बाकीची कामे सुरू होतात. पडद्यावर आपल्या ओळखीचे चित्र येते.

आता मेख

समजा, त्या शाळेच्या कार्यालयात दोन डिस्कांचा आरसा बसवला. सगळे निश्चिंत झाले. तीन वर्षांनी एका सकाळी पहिली डिस्क बंद पडली. हरकत नाही, त्याच दिवसासाठी तर दुसरी ठेवली होती. संगणक सुरू केला आणि पडद्यावर ओळ आली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

असे का व्हावे? दुसऱ्या डिस्कवर दहा वर्षांचे निकाल आहेत, पगारपत्रके आहेत, कार्यप्रणाली आहे. एक अक्षरही हरवलेले नाही. नाही ती फक्त दुसरी पायरी.

वर आपण पाहिले की पहिला सेक्टर आणि त्यानंतरची पट्टी डिस्कच्या कोणत्याच भागात येत नाहीत. आरसा मात्र बहुधा भागांचा केलेला असतो. म्हणजे ते ४४६ बाइट आणि त्यांच्या मागचा ग्रब आरशाच्या चौकटीबाहेर राहतात. कार्यप्रणाली बसवताना ग्रब पहिल्याच डिस्कवर लिहिला गेला असेल, तर दुसरीवर तो आपोआप येत नाही. तीन वर्षे हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण तीन वर्षे पहिली डिस्क चालू होती. पुढे एखादा घाबरलेला माणूस 'दोन्ही डिस्क गेल्या' असे समजून दुसरी डिस्कही पुसून नव्याने प्रणाली बसवतो, आणि तेव्हा मात्र माहिती खरोखर जाते.

उपाय सोपा आहे: बूट लोडर दोन्ही डिस्कांवर स्वतंत्रपणे लिहायचा. बदललेली डिस्क नवी लावली की तिच्यावरही पुन्हा लिहायचा. या दुसऱ्या वेळचा विसर अनेकांना पडतो.

नव्या 'यूईएफआय' पद्धतीत काय फरक पडतो? तिथे चिपमधली आज्ञावली जरा शहाणी आहे. तिला फाइल म्हणजे काय हे कळते, पण फक्त 'फॅट' या जुन्या, साध्या मांडणीतल्या. म्हणून प्रत्येक डिस्कवर फॅट मांडणीचा एक छोटा भाग ठेवतात आणि बूट लोडर त्यात एक फाइल म्हणून राहतो. लिनक्सची रेड या चिपलाही कळत नाही. शिवाय कोणत्या डिस्कवरची कोणती फाइल चालवायची याची यादी चिपजवळ असते, आणि त्या यादीत पहिल्याच डिस्कचे नाव असेल तर पुन्हा तोच प्रसंग. म्हणून दोन्ही डिस्कांवर असा भाग ठेवायचा, दोन्हींत फायली सारख्या ठेवायच्या आणि यादीत दोन्ही नावे घालायची.

काही ठिकाणी रेडसाठी वेगळे कार्डच बसवतात. ते चार डिस्कांना एकच डिस्क असल्याचे भासवते. चिपला काही कळावे लागत नाही आणि कोडे उद्भवतच नाही. पण मग किल्ली त्या कार्डात जाते. कार्ड बिघडले तर डिस्कवरची मांडणी वाचू शकेल असे, त्याच जातीचे कार्ड शोधावे लागते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून एखादी फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. आरशाचे कामच ते आहे. त्यामुळे महत्त्वाच्या माहितीची वेगळी प्रत, शक्यतो वेगळ्या इमारतीत, ठेवायलाच हवी.

दुसरे, एक डिस्क गेल्यावर नवी लावली तरी प्रत होण्यास वेळ लागतो. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने सलग भरली, तरी सुमारे २६,७०० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेसात तास लागतात. तेवढा वेळ सगळी मदार उरलेल्या डिस्कवर असते. हे गणित विद्यार्थ्यांना जरूर करायला द्यावे.

वर्गात घेण्याजोगा खेळ

यासाठी संगणक लागत नाही. एक खोके घ्या आणि त्यात एखादा खाऊ ठेवा. खोके कुठे आहे हे सांगणारी चिठ्ठी वाचनालयातल्या एका पुस्तकात ठेवा. पुस्तकाचे नाव सांगणारी चिठ्ठी फळ्यामागे, आणि 'फळ्यामागे पहा' एवढेच सांगणारी चिठ्ठी टेबलाच्या खणात. खेळणाऱ्या विद्यार्थ्याला एकच नियम ठाऊक: खणातली चिठ्ठी वाचायची आणि तसे करायचे. तो खाऊपर्यंत पोचतो. हे झाले बूट होणे.

आता शेजारच्या वर्गात हुबेहूब अशीच मांडणी करा: तसेच खोके, तशीच पुस्तकातली चिठ्ठी, तशीच फळ्यामागची. फक्त खणातली चिठ्ठी ठेवू नका. मुलांना सांगा, की पहिला वर्ग आज बंद आहे, खेळ दुसऱ्या वर्गात खेळायचा आहे. खाऊ तिथेच आहे, तीनपैकी दोन चिठ्ठ्याही आहेत, पण खेळणारा खणापाशीच अडतो. काय कमी पडले, हे मुलांना शोधू द्या. मग विचारा: ही उणीव पहिला वर्ग बंद होण्याआधी कळावी, यासाठी काय करता आले असते?

'एकदा दुसऱ्या वर्गात खेळून पाहायला हवे होते,' असे कोणीतरी म्हणेल. तेच उत्तर संगणकालाही लागू आहे. राखीव सोय ठेवली एवढ्याने ती सोय होत नाही. बाहेरची प्रत घेऊन झाल्यावर, सवडीच्या दिवशी संगणक बंद करून पहिल्या डिस्कची तार काढायची आणि तो सुरू करून पाहायचा. मग ती परत लावून, प्रत पूर्ण झाली याची खात्री करून, दुसरीची काढायची. दोन्ही वेळा संगणक जागा झाला, तरच आपल्याकडे खरोखर दोन डिस्क आहेत असे म्हणता येईल. हा प्रयोग अर्ध्या दिवसाचा आहे. शाळेत असा आरसा बसवलेला संगणक असेल, तर येत्या सुट्टीत जाणकाराला सोबत घेऊन तो करून पहावा, आणि शक्य झाल्यास मोठ्या वर्गातल्या चार मुलांनाही बघायला बोलवावे.